स्टॅक स्प्लिंट: टोपी चांगली, पण मापाची हवी

बोटाच्या टोकावर चेंडू आदळतो किंवा गादीखाली चादर खोचताना बोट मुडपतं, आणि शेवटचं पेर खाली लोंबायला लागतं. दुसऱ्या हाताने उचललं की सरळ होतं, सोडलं की पुन्हा पडतं. ही मॅलेट फिंगर. पेर वर उचलणारं टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) हाडापाशी तुटलेलं असतं किंवा हाडाचा कपचा घेऊन सुटलेलं असतं. त्यावर बहुतेक वेळा हातात पडते ती स्टॅक स्प्लिंट, म्हणजे बोटावर चढवायची तयार प्लास्टिकची टोपी.

रचना उत्तम आहे. शेवटचा सांधा सरळ धरला जातो आणि मधला मोकळा राहतो, हेच तर हवं असतं. प्लास्टिक धुता येतं, हलकं असतं, भोकांतून थोडी हवा लागते. खोट आहे ती मापात. साधारण १ ते ७ क्रमांक मिळतात, मध्ये ५.५ही असतो, पण ताज्या दुखापतीत बोट सुजलेलं असतं. त्या दिवशी घट्ट बसलेली टोपी सूज उतरली की खुळखुळते आणि आतल्या आत पेर वाकतं. म्हणून माप आठवड्याभराने पुन्हा बघावं, लागलीच तर एक क्रमांक लहान घ्यावी.

माप बरोबर आहे का, हे दोन गोष्टींवरून कळतं. बाजूने पाहिलं तर पेर सरळ किंवा अगदी किंचित वर असावं. फार मागे ताणलं गेलं तर सांध्यावरची कातडी पांढरी पडते, तिथला रक्तपुरवठा दबतो आणि जखम होते. दुसरं म्हणजे मधला सांधा पूर्ण वाकायला हवा. तळव्याकडची कड आड येत असेल तर ती कात्रीने कापून काठ कानशीने गुळगुळीत करावा. चिकटपट्टी मधल्या पेरावरच लावायची, सांध्यावर नाही.

खरा घोळ होतो तो टोपी काढताना. ती ६ ते ८ आठवडे दिवसरात्र घालायची असते. या काळात पेर एकदा जरी खाली पडलं तरी जुळत आलेलं टेंडन ताणलं जातं आणि दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात. तरीही पाकिटावर बहुधा ‘स्वच्छ ठेवा’ एवढंच लिहिलेलं असतं! पद्धत अशी: तळवा टेबलावर पालथा टेकवा, बोट सपाट ठेवूनच टोपी पुढे ओढून काढा. टोक टेबलावरून उचलू नका. त्याच स्थितीत बोट पुसा, पूर्ण कोरडं होऊ द्या, मग टोपी तशीच सरकवा. ओल आत राहिली तर कातडी पांढरी आणि लिबलिबीत होऊन सोलते. त्यामुळे एकाच मापाच्या दोन टोप्या घेणं शहाणपणाचं: एक बोटावर, एक वाळत.

फोम लावलेली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी हा दुसरा पर्याय. ती बोटाच्या वरच्या बाजूने लावली तर टोकाचा स्पर्श शाबूत राहतो, टाइप करणाऱ्यांना बरं पडतं. पण फोम पाणी पितो, आणि पट्टी जरा जास्त वाकवली की नेमका सांध्यावरच दाब येतो. बोट बेढब किंवा फार बारीक असेल तर हँड थेरपिस्टकडून गरम पाण्यात मऊ होणाऱ्या प्लास्टिकची मापानुसार बनवून घेतलेली स्प्लिंट या दोन्हींपेक्षा सरस.

घेण्याआधी एक्स-रे हवाच. कपचा सांध्याच्या पृष्ठभागाच्या तिसऱ्या हिश्शाहून मोठा असेल किंवा सांधा सरकला असेल तर हाताच्या सर्जनचं मत घ्यावं. मधला सांधा वाकून बसला असेल तर ती बुटोनियर विकृती. तिथे मधला सांधा सरळ धरून शेवटचा मोकळा ठेवतात, म्हणजे अगदी उलट, त्यामुळे ही टोपी तिथे कुचकामी. आणि कुणाची जर्सी पकडताना बोट ओढलं जाऊन टोक आत वाकेनासं झालं असेल, तर वाकवणारं टेंडन सुटलेलं असतं. त्याला कुठलीच टोपी चालत नाही. टेंडन तळव्याकडे आक्रसत जातं, म्हणून थोड्याच दिवसांत ऑपरेशन लागतं.

मॅलेटची मुदत संपल्यावरही टोपी टाकून देऊ नये. पुढचे २ ते ४ आठवडे ती रात्री लागते. दिवसा पेर पुन्हा खाली झुकू लागलं तर ती परत पूर्णवेळ चढवावी लागते.