जिल्हा न्यायालयातलं मोफत विधी सेवा कार्यालय: आईच्या केसचा अनुभव

बांधाच्या वादातून आईच्या हातावर कोयता बसला. गुन्हा दाखल झाला, पण जखमी माणसालाही स्वतःचा वकील मिळतो हे पोलीस ठाण्यात कुणी सांगितलं नाही. ते कळलं आमच्या गावच्या आशाताईंकडून. त्यांनीच १५१०० या मोफत कायदेशीर मदतीच्या हेल्पलाइनवर फोन लावून दिला आणि न्यायालयाच्या आवारातलं विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय गाठायला सांगितलं.

माझे पाचपैकी चार तारे. खिडकीवरच्या बाईंनी "मावशी, आधी बसा" म्हणत आईला खुर्ची दिली आणि अर्ज स्वतःच भरून घेतला. उत्पन्नाचा दाखला मागितला नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

वकील मॅडम तरुण, पण कागद वाचून आलेल्या. एफआयआरची प्रत फुकट मिळायलाच हवी, तपास कुठवर आलाय हे पोलिसांनी ९० दिवसांच्या आत कळवायलाच हवं, हे त्यांनी आईला कळेल अशा बोलीत सांगितलं. खरं काम दिसलं ते जामिनाच्या दिवशी. आरोपीचं घर आमच्या शेताच्या वाटेवर, त्यामुळे आई धास्तावलेली. मॅडमनी लेखी हरकत घेतली. पीडिताचं म्हणणं ऐकलंच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये लखीमपूर खीरी प्रकरणात (उत्तर प्रदेशात शेतकऱ्यांच्या अंगावर गाडी घातल्याचं प्रकरण) सांगितलंय, तो निकालही जोडला. जामीन झाला, पण आईच्या आसपास फिरकायचं नाही या अटीवर. त्या अटीमुळे आई आज शेतात एकटी जाऊ शकते. माझ्यासाठी हे फार मोठं आहे.

एक मात्र समजून घ्या, खटला सरकारच चालवतं. आपला वकील सरकारी वकिलाला मदत करतो, साक्षीदार स्वतः तपासत नाही.

एक तारा कापला तो सरकारकडून पीडिताला मिळणाऱ्या भरपाईसाठी. दोन महिन्यांत चौकशी पुरी करावी असं कायद्यात आहे, आमची फाईल अजून फिरतेच आहे. विचारलं की 'पोलिसांचा अहवाल आला नाही' हे ठरलेलं उत्तर. आईची दोन बोटं वळत नाहीत, भांगलणीला मजूर लावावे लागतात. पैशाची गरज आज आहे, खटल्याच्या निकालानंतर नाही.

जाणार असाल तर जामिनाच्या तारखेआधी जा. एफआयआर, सरकारी दवाखान्याचा जखमेचा दाखला, आधार आणि बँक पासबुकाची झेरॉक्स सोबत ठेवा. जेवणाच्या सुट्टीत खिडकी बंद असते.