रेती-खडीवर नजर: भरारी पथक की महाखनिज?

सरकारी जमिनीतलं गौण खनिज, म्हणजे रेती-खडीसारखा माल, राखायचं काम महसूल खात्याचं. ठाण्यात त्यासाठी दोन हत्यारं: तलाठी-तहसीलदारांचं भरारी पथक आणि ‘महाखनिज’ या सरकारी संगणक प्रणालीवरून निघणारा ऑनलाइन वाहतूक पास.

पासाचा हिशेब सरळ. गाडीचा नंबर, ब्रास किती, कुठून कुठे, किती वाजेपर्यंत, सगळं त्यावर असतं. गाडीला जीपीएसही लागतं. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. गोम इथेच आहे. पास दोन ब्रासचा, आणि हौद्याला फळ्या चढवून माल तीन ब्रास. हे मोबाइलच्या पडद्यावर कसं दिसणार? त्याला टेप घेऊन हौद्यावर चढणारा माणूसच हवा. अंतर कमी असेल तर मुदतीत एकाच पासावर दुसरी खेपही उरकते.

खाडीत तर पासाचा प्रश्नच येत नाही. मुंब्रा-कळव्याकडे रात्री सक्शन पंप लावून रेती उपसणारा पास काढायला कशाला जाईल? तिथे बोटीनं जाणारं पथकच कामाचं. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आणि ४८(८) खाली गाडी जप्त, ही भीती खरी. पण पथक निघालं की बातमी आधी पोचते, हेही सगळ्यांना ठाऊक.

तुर्भ्याच्या रस्त्यावर खडीची गाडी तपासायची तर पास पुरे, सोबत टेप ठेवा. खाडीसाठी मात्र माझं मत पथकालाच, तेही न सांगता निघणाऱ्या.