शेफील्डचा जुना वस्तरा, वेड अँड बुचर: वापरून बघितल्यावर

कार्ट्रिजवाल्या रेझरचा कंटाळा येऊन ज्यांची नजर जुन्या वस्तऱ्यांकडे वळलीय त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझा वेड अँड बुचर या इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरातल्या जुन्या कंपनीचा आहे, इथे इंग्लंडमध्येच एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून घेतला. पातं ७/८ इंच रुंद आणि जवळजवळ पूर्ण वेज, म्हणजे पाठीला जाड आणि तिथून धारेपर्यंत सरळ उतरत गेलेलं, मूठ काळ्या शिंगाची. हातात घेतला की आधी वजनच जाणवतं.

दाढीला मात्र जबरदस्त. माझी दाढी राठ आहे, हनुवटीवर तर विचारूच नका, पण हा अजिबात दाबावा लागत नाही, ३०च्या आसपास अंशात धरायचा आणि कातडी ताणून नुसता सोडायचा, पुढचं काम वजन करतं. जर्मनीतल्या सोलिंगेनचे फुल हॉलो (दोन्ही बाजूंनी आत खोलगट घासलेले) वस्तरे वेगळे, पातं इतकं पातळ की केस कापताना आवाज येतो आणि त्यावरून कळतं धार नीट चाललीय की नाही. शेफील्डवाला गप्प. नाकाखाली एवढं रुंद पातं घुसवायचं म्हणजे वैताग, तिथे मी ५/८ वालाच वापरतो.

आता धार, कारण खरी कटकट इथेच. दुकानदाराने चिठ्ठीवर ‘शेव्ह रेडी’ (थेट दाढीला तयार) लिहिलं होतं आणि हातावरचे केससुद्धा निघत नव्हते. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही एकदम दगडावर टेकवून घासायचं असतं, म्हणजे धारेचा कोन पाठच ठरवते, आपण नाही. हॉलो पात्यात दगडाला फक्त दोन कडा लागतात, वेजमध्ये जवळपास अख्खी बाजू लागते, त्यामुळे १००० नंबरच्या दगडावर (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक) घासून घासून जीव जातो. पाठीवर इलेक्ट्रिकल टेपचा एक थर लावला की काम निम्मं होतं, फक्त धारेशीच बारीक बेव्हल, म्हणजे धारेचा उतार, बसतो (जुनी मंडळी याला नाकं मुरडतात, मुरडू देत). मग ४०००, ८०००, शेवटी १२००० आणि चामड्याचा पट्टा. दगडावर धार पुढे ठेवून, पट्ट्यावर पाठ पुढे ठेवून. हे उलटं झालं तर पट्टा गेला.

म्हणून माझं म्हणणं असं की घेताना मूठ नका बघू, नक्षी नका बघू, पाठ बघा. ती एका बाजूला जास्त घासली गेली असेल किंवा धार मधोमध खोलगट दिसत असेल तर कितीही मोठं नाव असलं तरी सोडून द्या. पृष्ठभागावरचा काळपटपणा चालतो, धारेजवळ गंजाचे खड्डे चालत नाहीत. सेल्युलॉइडची (जुन्या प्रकारच्या प्लास्टिकची) मूठ असेल तर वास घेऊन बघा, ते कुजायला लागलं की त्याच्या वाफांनी पातं गंजतं. हस्तिदंतीच्या तर वाटेलाच जाऊ नका, ब्रिटनमध्ये २०१८ चा कायदा २०२२ पासून लागू आहे आणि थोडे अपवाद सोडले तर तिची खरेदी-विक्री बंद, भारतात न्यायची म्हणाल तर वन्यजीव कायदा आहेच.

वयाबद्दल पण थोडं. कंपनीच्या नावातले बुचर म्हणजे विल्यम आणि सॅम्युएल, या भावांचा बराच माल अमेरिकेत जायचा. तिकडच्या १८९० च्या मॅकिन्ले टॅरिफ कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं, म्हणून नुसतं ‘शेफील्ड’ छापलेलं दिसलं की विकणारे लगेच ‘१८९१ च्या आधीचा’ म्हणून किंमत चढवतात, पण नियम अमेरिकेत जाणाऱ्या मालाला होता, इथल्या इथे विकलेल्याला नाही. तेव्हा तेवढ्यावर जास्त पैसे मोजू नका. स्टीलबद्दल उत्सुकता असेल तर शेफील्डला ॲबीडेल इंडस्ट्रियल हॅम्लेटमध्ये क्रुसिबल स्टीलची (मातीच्या मुशीत वितळवून केलेल्या स्टीलची) जुनी भट्टी अजून शाबूत आहे, जाऊन या.

पहिलाच वस्तरा घेत असाल तर हा नको, सोलिंगेनचा साधा ५/८ हॉलो घ्या आणि धार एखाद्या जाणकाराकडून लावून घ्या. दुसरा किंवा तिसरा म्हणून घेत असाल आणि दाढी माझ्यासारखी राठ असेल तर बिनधास्त घ्या. मुंबई-कोकणाकडच्यांनी दाढी झाल्यावर पातं कोरडं पुसून तेलाचा हात फिरवायचाच, हे जुनं कार्बन स्टील आहे, स्टेनलेस नाही, त्या दमट हवेत गंज धरायला वेळ लागत नाही.