पोटासाठी संमोहन घेतलं, त्याला आता आठ महिने झाले

फोंडा-पणजी रस्त्यावर कुठल्या हॉटेलात न विचारता शौचालयात जाता येतं आणि कुठल्या पेट्रोल पंपावर चावी मागावी लागते, हे मला सहा वर्षं तोंडपाठ होतं. फर्मागुडीला पोट गुरगुरलं की म्हार्दोळपर्यंत घाम फुटायचा. बाणास्तारीला गाड्यांची रांग दिसली की मी कदंब बसमधून सरळ उतरायचो. रक्त तपासून झालं, शौच तपासून झालं, कोलोनोस्कोपीसुद्धा झाली. सगळं नॉर्मल. निदान आयबीएस, म्हणजे तपासण्यांत दोष दिसत नाही पण आतडं सारखं बिनसतं असा आजार. नॉर्मल रिपोर्ट पिशवीत घालून शौचालय शोधत फिरायचं, म्हणजे लोकांना सांगायचीही चोरी.

गोळ्यांनी फारसा फरक पडेना तेव्हा पोटाच्या डॉक्टरांनीच संमोहनाचं सुचवलं. इंग्लंडच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत, औषधं घेऊन १२ महिने झाले तरी गुण नसेल तर याचा विचार करा असं लिहिलंय म्हणाले. १९८४ साली मँचेस्टरचे डॉ. पीटर व्हॉरवेल यांनी अशाच चिवट दुखण्याच्या ३० रुग्णांवर प्रयोग केला होता, तिथून हे सुरू झालं. हे ऐकून जरा धीर आला. घरी आई म्हणाली, "म्हणजे भूतबाधा उतरवणाऱ्या घाड्याकडेच चाललास की!"

पहिल्यांदा मी चुकीच्या जागी गेलो. नाव सांगत नाही. दहा सेशनचे पैसे आगाऊ घेतले आणि दुसऱ्याच दिवशी मला मागच्या जन्मात नेलं. तिथे म्हणे मी बुडालेला खलाशी होतो आणि पोटात अजून खारं पाणी आहे. गंमत अशी की डोळे मिटल्यावर मला खरंच बोट दिसली. अगदी स्पष्ट. नंतर लक्षात आलं, आदल्या रात्री मुलासोबत टीव्हीवर बोटच बघितली होती. संमोहनात दिसलेलं खरं वाटतं, म्हणून ते घडलेलंच असतं असं नाही. ‘विसरलेल्या आठवणी’ काढून देतो म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. उरलेले पैसे बुडाले. खलाशासारखेच.

दुसऱ्या मॅडम क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. भिंतीवर आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लावलेली. पहिला तास नुसते प्रश्न: काय खाता, कधी दुखतं, शौचातून रक्त जातं का, वजन उतरलंय का, रात्री झोपेतून उठावं लागतं का. यातलं काही असेल तर आधी डॉक्टर, मग मी, असं स्वच्छ सांगितलं. पूर्वी कधी भास किंवा मानसिक आजार झाला होता का तेही विचारलं. मग माझ्यावर संमोहन कितपत चालतं ते बघायला हात पुढे धरायला लावून म्हणाल्या, समजा यावर भरलेली बादली टांगलीय. माझा हात वीतभर खाली आला. अजून माशी घोंगावल्याचा आवाज ऐकू येतो का, वगैरे. मला काही माशी ऐकू आली नाही. "मधले आहात," त्या म्हणाल्या. बहुतेक लोक मधलेच असतात.

मला वाटलं होतं झोप लागेल, शुद्ध हरपेल, तोंडून भलतंसलतं निघेल. तसलं काहीच नाही. पंखा ऐकू येत होता, नाक खाजलं तेव्हा मी खाजवलं. श्वास, मग खाली उतरणाऱ्या पायऱ्या, मग पोटावर स्वतःचा ऊबदार तळवा. मग म्हणाल्या, तुमच्या ओळखीची नदी आणा. मी खांडेपारची आणली, डिसेंबरातली, संथ. आतडं तसं वाहतंय असं बघायचं. दहा मिनिटं झाली असतील असं वाटून डोळे उघडले तर घड्याळात पाऊण तास गेलेला.

"तुम्ही नक्की काय केलंत?" मी विचारलं.

"मी बोलले. केलं तुम्ही."

पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा, संमोहनाच्या सुरुवातीच्या अभ्यासकांपैकी एका पाद्रीचा, पुतळा आहे, तो मी रोज बघतो. हात पसरून उभा माणूस आणि समोर कोसळलेली बाई. लहानपणी मला वाटायचं भूत काढतोय. शिल्प रामचंद्र पांडुरंग कामतांचं, १९४५चं. हा आमचा कांदोळीचा माणूस. १८१३ साली पॅरिसमध्ये जाहीर वर्ग घेऊन सांगायला लागला की उपचार करणाऱ्याच्या हातातून कसलीही चुंबकशक्ती निघत नाही, जे होतं ते समोरच्याच्या मनात होतं. मॅडमचं वाक्य ऐकल्यावर पुतळा वेगळा दिसायला लागला. पसरलेल्या हातांऐवजी मी आता त्या बाईकडे बघतो.

सेशन एकूण नऊ झाली, प्रत्येकी १,८०० रुपये. पण खरं काम रेकॉर्डिंगचं. वीस मिनिटांचं, रोज ऐकायचं. मॅडमनी ते क्लिनिकमध्येच फोनवर केलं आणि नेमका सातव्या मिनिटाला बाहेरून पोदेर, म्हणजे पाववाला गेला, पों-पों करत. त्या न थांबता म्हणाल्या, "हा आवाज तुम्हाला आणखी खोल नेतोय." आता सकाळी आमच्या वाड्यावर पोदेर आला की माझं पोट सैल पडतं. बायको हसते. पाव मात्र अजून एकच खातो.

गुण लगेच आला म्हणणाऱ्यावर माझा विश्वास बसणार नाही. पहिला महिना शून्य. पाचव्या सेशननंतर जाणवलं की गुरगुर होते, पण पुढचा घाम येत नाही. वहीत लिहीत होतो म्हणून सांगू शकतो: आधी आठवड्यात चार-पाच दिवस वाईट, आता एक. मळमळ आणि पोट फुगणं जवळपास तसंच आहे. चवथीला पाच दिवस नेवऱ्या, खतखतं, जागरणं आणि रेकॉर्डिंगला सुट्टी; सहाव्या दिवशी पुन्हा जुनं गाऱ्हाणं. दोन आठवडे नेमाने ऐकल्यावर गाडी रुळावर आली. नेम सुटला की भोगायला लागतं, निदान मला तरी. ज्यांना बसल्या जागी बरं व्हायचंय त्यांनी पैसे वाचवावेत.

मागच्या सोमवारी बाणास्तारीला बस पाऊण तास उभी होती. पाऊस, बंद काचा, शेजाऱ्याच्या पिशवीत सुंगटं, म्हणजे कोळंबी. मी उतरलो नाही. पोट दोनदा बोललं, मी नदी आणली, अर्धवटच आली, तेवढ्यावर पणजी गाठली.

शेजारच्या दादाने परवा रेकॉर्डिंग मागितलं, सिगरेट सोडायला उपयोगी पडेल म्हणून. सिगरेटच्या बाबतीत पुरावा पोटाइतका भक्कम नाही हे त्याला सांगितलं. तरी पाठव म्हणाला. पाठवलं नाही, वीस मिनिटं माझ्या आतड्याबद्दल ऐकून तो काय करणार?