सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं टॉवेल-चादरीचं दुकान, माल खात्रीचा आणि मालक खरं बोलणारे

२०२५ च्या दिवाळीआधी बहिणीकडच्या कार्यात आहेराला चाळीस टॉवेल लागत होते, त्यासाठी गेलो होतो. त्याच्या महिनाभर आधी स्टँडकडच्या एका दुकानातून "अस्सल सोलापुरी" म्हणून चादर घेतली होती, दोन धुण्यात गोळे आले, सुताचं टोक जाळून बघितलं तर राख न होता काळा कडक मणी झाला, म्हणजे पॉलिस्टर. आपल्या चादरीला आणि टेरी टॉवेललाही जीआय (भौगोलिक मानांकन, म्हणजे हे नाव इथल्याच मालाला) आहे आणि तरी कुणीही हे नाव लावून काहीही विकतंय, लई राग येतो.

इथं तसं नाही. कारखान्याच्या खालीच दुकान आहे, वर माग चालू असतात, त्यांचा आवाज बोलताना येत राहतो. मालकांनी टॉवेल सरळ काट्यावर ठेवला. ७५ बाय १५० सेंटिमीटरचा ४५० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ४५० ग्रॅम) टॉवेल साधारण अर्धा किलो भरायला पाहिजे, ५०५ ग्रॅम भरला. दुसरीकडे जीएसएम नुसता तोंडी सांगतात, तुम्ही पण काटा मागा. टॉवेल आता सहा महिने वापरतोय, रंग गेला नाही, पाणी नीट टिपतो.

आतल्या रॅकवर पांढऱ्या टॉवेलांचे मोठे गठ्ठे पडले होते, विचारलं तर म्हणाले अमेरिकेच्या ऑर्डरचा माल आहे, थांबलाय. २७ ऑगस्टपासून तिकडं आपल्या मालावर ५० टक्के टॅरिफ लागला, पार्टीने थांबा म्हणून सांगितलं, म्हणून तोच माल इथं कमी भावात काढत होते. मी त्यातलेच तीस घेतले, स्वस्त मिळाले, पण घेताना बरं वाटलं नाही खरं सांगतो. आमच्या आईने पंधरा वर्षं टॉवेलच्या कडा शिवल्यात, पीसवर, म्हणजे नगामागे पैसे. ऑर्डर थांबली की पहिलं शिलाईवाल्या बायकांना सांगतात उद्या येऊ नका, मागवाल्याची एक पाळी नंतर जाते.

म्हणून मालकांना विचारलं, मामा, जुलैत ब्रिटनबरोबर करार झाला, आता तिकडं काम वाढेल का? त्यांनी नीट समजावून सांगितलं. तिथं आपल्या कापडावर १२ टक्क्यांपर्यंत ड्युटी लागायची, ती करारात शून्य होणार. बांगलादेशचा माल तिकडं आधीपासून ड्युटी न भरता जातोय त्यामुळे आपण भावात मागं पडायचो, तो फरक निघाला तर ऑर्डर वाढेल असं त्यांना वाटतं. पण २४ जुलै २०२५ ला फक्त सही झालीय, करार तेव्हा लागू व्हायचा होता, असंही म्हणाले. मग मी विचारलं शिलाईचा रेट वाढेल का. तर स्पष्ट म्हणाले, "पहिलं बायर सूट मागणार, म्हणणार तुमची ड्युटी वाचली, आम्हाला भाव कमी करा. मग सूत, वीज, भाडं. मजुरी सगळ्यात शेवटी." बाकी कुणी गोड बोलून वेळ मारून नेली असती, यांनी नाही नेली. मला या माणसाचं हेच आवडलं.

मला वाटतं करारावर बोलताना हा मजुरीचा प्रश्न पहिला यायला पाहिजे, निर्यात किती कोटींनी वाढणार एवढंच का सांगतात? आणि दार दोन्हीकडून उघडतं. २०११ मध्ये आपण साफ्टाखाली (दक्षिण आशियातल्या देशांचा मुक्त व्यापार करार) बांगलादेशच्या कपड्यांना ड्युटी न लावता येऊ दिलं, आता सोलापुरातल्या युनिफॉर्म शिवणाऱ्या छोट्या कारखान्यांना त्या कपड्यांच्या भावाशी टक्कर द्यावी लागते. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरची ११ टक्के आयात ड्युटी त्या वर्षाच्या डिसेंबरअखेरपर्यंत काढली होती, सूतवाल्यांना बरं झालं पण मराठवाड्यातल्या कापूसवाल्याचं काय?

असो, दुकानाचं. चादरींमध्ये डिझाइन कमी आहेत, जुनी मोराची नक्षी मागितली तर संपली होती. पार्सल दोन दिवस उशिरा आलं, फोन पण उचलत नव्हते. पार्किंग नाहीच, गाडी बाहेर ट्रकांच्या मधे लावावी लागते. बिल पक्कं देतात. पाचपैकी साडेचार.

शनिवारी संध्याकाळी मात्र जाऊ नका, आठवड्याचा पगार असतो, मालक काउंटरवर सापडत नाहीत, वर बायकांचा हिशोब करत बसलेले असतात. मी तासभर थांबलो होतो.