पहिला विड्रॉल दहा मिनटात आला, तरी या बेटिंग साईटला एक स्टार पण नाही

साईटचं नाव लिहून उपयोग नाही कारण दर पंधरा दिवसाला मागं एक नवीन आकडा लावून नवीन लिंक येते, आत सगळं तेच असतं. मला तर इथंच शंका यायला पाहिजे होती.

माझा मामेभाऊ सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहे. टेलिग्रामवर लिंक आली, दोस्त म्हणला टाक बे, काय होत नाय. यानं ५०० टाकले आणि ८०० काढले, दहा मिनटात खात्यात जमा. मला म्हणतोय, "दादा, साईट खरी हाय, पैसे आलेत की." आणि खरं सांगतो, मला पण तेव्हा पटलं होतं. पण ते आठशे म्हणजे गळाला लावलेलं आमिष, त्याच्यापुढं तीन आठवड्याचा पगार गेला.

मग वॉलेटमध्ये ४६,००० दिसायला लागले आणि विड्रॉल पेंडिंग. व्हॉट्सॲपवरचा सपोर्टवाला म्हणतोय आधी ३० टक्के टॅक्स भरा, १३,८०० पाठवा, मग रक्कम सुटेल. हे नीट वाचा, कारण माणसं इथंच जास्त फसतात. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टीडीएस हा नियम खरा आहे, पण तो देणाऱ्यानं कापून उरलेले द्यायचे असतात, तुमच्याकडून वरून मागायचे नसतात. टॅक्स आधी भरा म्हणला की समजा ४६,००० हा नुसता स्क्रीनवरचा आकडा आहे.

सात रस्ता चौकात चहा घेत बसून त्याचा फोन बघितला. सहा वेळा पैसे भरलेले आणि सहा वेळा यूपीआयवर वेगळं नाव, एक किराणा दुकान, एक कुठलं तरी एंटरप्रायझेस, बाकी माणसांची नावं, म्हणजे कंपनीच्या खात्यात एक रुपया गेलेला नाही. साईटच्या खाली कुरासाओच्या (परदेशातलं एक बेट, तिथं जुगाराच्या साईटला लायसन देतात) लायसनचा शिक्का होता, त्यावर दाबलं तर काहीच उघडत नाही, बोट धरून ठेवलं तर इमेज डाउनलोड करा एवढंच येतं. नुसतं चित्र! ॲप प्ले स्टोअरवर नाही, एपीके, म्हणजे ॲपची फाईल थेट पाठवतात आणि ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं, म्हणजे तुमचे बँकेचे ओटीपी पण त्यांच्या हातात. बोनसचं पण तसंच, हजार रुपये देतात पण वीस पट खेळल्याशिवाय काढता येत नाही, म्हणजे २०,००० लावायचे.

पुढचं तर आम्हाला माहितच नव्हतं. तीन आठवड्यानं त्याचं पगाराचं खातं गोठलं. बँकेतल्या मॅडमनी सांगितलं की ते आठशे ज्या खात्यातून आले त्या खात्यावर दुसऱ्या राज्यात सायबर तक्रार आहे. म्हणजे ते पण दुसऱ्या कुणाचे तरी बुडालेले पैसे होते. जिंकलेला माणूस पण अडकतो ते असा.

कोण म्हणत असेल की मग चांगली साईट सांगा, तर ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा ऑनलाईन गेमिंगचा कायदा झालाय, पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाईन खेळ त्यात बंद, कौशल्याचा असू दे नाहीतर नशिबाचा. चालवणाऱ्याला तीन वर्षापर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्याला पण शिक्षा. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, म्हणून घाबरून गप्प बसू नका. लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा, प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँकेचा त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक) हाताशी ठेवा, जेवढा उशीर तेवढे पैसे पुढच्या खात्यात सरकतात.

आम्ही सहाही यूटीआर वहीत लिहून तक्रार केली, पण उशीर झाला होता. सहातले एकाच खात्यातले ३,००० अडवता आले. त्याचं खातं अजून बंदच आहे, पगार मामीच्या खात्यावर घेतोय, आणि मामीला अजून खरं कारण सांगितलेलं नाही.