विश्रामबागेतील खानावळ आणि तिची खाड्यांची वही

बदली होऊन सांगलीत आल्यावर पहिले दोन महिने मी घरपोच डबा खाल्ला आणि गेले सहा महिने विश्रामबागेतील एका खानावळीत दोन्ही वेळा जेवतो. खानावळीला पाटी नाही; मालकीणबाईंना सगळे मावशी म्हणतात आणि खानावळही त्याच नावाने चालते.

जेवण बेताचे आहे. ज्वारीची भाकरी तव्यावरून थेट ताटात येते, शेंगदाण्याची चटणी आणि दही रोज असते. आमटी मात्र बहुतेक दिवशी पातळ. निव्वळ चवीचा हिशेब केला, तर डबाच सरस होता.

तरी मी इथे टिकलो, तो खाड्यांच्या वहीमुळे. महिना भरलेल्या माणसाने आदल्या रात्री सांगितले, तर न जेवलेला दिवस खाडा म्हणून पैशांतून वजा होतो. पावसाळ्यात मी तापाने दोन दिवस खोलीवर पडून होतो आणि कळवायचे राहिले. तिसऱ्या दिवशी गेलो, तेव्हा वहीत माझ्या नावापुढे नेहमीच्या फुलीऐवजी पेन्सिलीने काढलेली दोन प्रश्नचिन्हे होती. मावशींनी चारचौघांत "न सांगता कुठं गायब झाला होता?" म्हणून झापले आणि भाकरी बाजूला सारून मऊ भात वाढला.

रॉय बाउमाइस्टर आणि मार्क लिअरी या मानसशास्त्रज्ञांनी 1995 साली आपलेपणाची गरज ही माणसाची मूलभूत प्रेरणा असल्याचे मांडले, तेव्हा दोन गोष्टी एकत्र लागतात असे म्हटले होते: वरचेवर होणाऱ्या सुखाच्या भेटीगाठी आणि एकमेकांची काळजी असलेले टिकाऊ नाते. पहिली गोष्ट खानावळीत महिना भरून मिळते. दुसरी मिळेलच असे नाही (माझ्या शेजारी रोज जेवणाऱ्या गृहस्थांचे आडनाव मला अजून ठाऊक नाही), पण त्या प्रश्नचिन्हांत ती मला दिसली.

तक्रार आहे ती जुन्या मेंबरांच्या पंगतीबद्दल. पहिला आठवडाभर माझ्याशी कोणी बोलले नाही, चटणीचे भांडे माझ्या पुढून जात राहिले आणि चाळिशी ओलांडलेला माणूस असूनही मला ते लागले. किपलिंग विल्यम्स या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगात संगणकाच्या पडद्यावर तिघांमध्ये चेंडू फेकण्याचा खेळ असतो. थोड्या वेळाने एकाकडे चेंडू येणे बंद होते आणि काही मिनिटांतच त्याचे मन खट्टू होते, पलीकडे माणसे नसून संगणक खेळतो आहे हे आधी सांगितले तरीही. इथे तर समोर सहा माणसे होती. नव्या माणसाची ओळख करून देण्याचे काम मावशींनी स्वतःकडे घ्यावे, असे मी त्यांना सुचवले आहे.

रविवारी रात्री खानावळ बंद असते. पहिल्यांदा जाणाऱ्याने खिडकीखालची जागा सोडून बसावे. ती एका निवृत्त शिक्षकांची आहे आणि ते बरोबर साडेआठला येतात.